पेंटर आत्या आणि जमिनीखालची केबल

पेंटर आत्या खोटं बोलत नसे. तिला त्याची गरजच नव्हती, कारण तिला खोटं रंगवता येत होतं, आणि बोललेल्यापेक्षा रंगवलेल्यावर माणसं लवकर विश्वास ठेवतात हे तिनं उभ्या आयुष्यात पाहिलं होतं. "इथे थुंकू नका" असं तोंडानं सांगून बघा, माणूस तुमच्या पायाशी थुंकेल. तेच पिवळ्या पत्र्यावर काळ्या अक्षरांत लिहा, तो मुकाट्यानं आवंढा गिळून पुढे जाईल. आत्याचं पोट इतकी वर्षं या एका ज्ञानावर चाललं होतं.

तरुणपणापासून ती पाट्या रंगवत आली. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या, आणि बराच काळ वीज कार्यालयाच्या. धोका, सावधान, हात लावू नये, हे शब्द तिच्या हातात इतके बसले होते की तिनं ते झोपेतसुद्धा एका रेषेत लिहिले असते. बाई शिडीवर चढलेली बघून खाली बघे जमायचे, आणि मग वरून रंगाचा एखादा थेंब नेमका सगळ्यात आगाऊ बघ्याच्या टाळक्यावर पडायचा. तो थेंब चुकून पडला असं आत्यानं कधी म्हटलं नाही, आणि मुद्दाम पाडला असंही नाही. पुढे फ्लेक्स छापणारी यंत्रं आली. आत्या ज्या पाटीवर आठवडा घालवायची ती पाटी यंत्र चहा निवायच्या आत ओकून मोकळं व्हायचं. अक्षरंही ओकल्यासारखीच, असं आत्याचं मत होतं, आणि ज्याला डोळे आहेत त्याला ते पटण्यासारखं आहे. धंदा बसला. लग्न तिनं केलं नव्हतं, भाऊ गेला होता. भाच्यानं तिला आपल्या घरी आणलं आणि तळमजल्यावरची मागची खोली दिली. शिडी विकली, ब्रश मात्र बरोबर आले. सगळी सोसायटी तिला पेंटर आत्याच म्हणायची.

खोलीला एकच खिडकी होती. खिडकीबाहेर मातीचा एक पट्टा, एका बाजूला पंपाची खोली, दुसऱ्या बाजूला कुंपणाची भिंत. अर्धा पट्टा टणक आणि उघडा, अर्ध्यात वाटेल ते उगवलेलं. पट्ट्याच्या तोंडाशी, अंगणाच्या बाजूला, सेक्रेटरीचे गुलाब. हे सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे नाकावर माशी बसू न देणारा माणूस. जिन्यात चप्पल वाकडी दिसली तरी त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. गुलाबांना ते रोज सकाळी स्वतः पाणी घालायचे आणि पाणी घालताना हळू आवाजात काहीतरी बोलायचे. बायकोशी ते तेवढं बोलले असते तर बरं झालं असतं, असं त्यांची बायकोच सांगायची.

एके सकाळी सेक्रेटरी आत्याच्या खिडकीशी येऊन उभे राहिले.

"आत्या, तुमच्याकडे कातर आहे?"

"आहे की. केस कापायचेत?"

सेक्रेटरींच्या डोक्यावर कापण्यासारखं काही शिल्लक नव्हतं, त्यामुळे प्रश्न जिव्हारी लागला. त्यांनी खिडकीच्या कठड्यावर गुलाबाचं एक पान ठेवलं. पानाच्या कडेला गोल तुकडा गायब होता. दुसरं पान ठेवलं, त्यात दोन गायब.

"हे कुणाचं काम आहे, मला माहिती आहे," सेक्रेटरी म्हणाले.

आत्यानं चष्मा लावला, पान उजेडात धरलं आणि बराच वेळ फिरवून फिरवून बघितलं. चोरीचा आळ आला याचं तिला काही वाटलं नाही, ती तेवढी निगरगट्ट होती. पण त्या कापावरून तिची नजर हलेना. आयुष्यभर तिला हातानं गोल काही साधला नव्हता. मधोमध खिळा ठोकायचा, दोरा बांधायचा, टोकाला पेन्सिल धरून फिरवायची, तेव्हा कुठे दवाखान्याच्या पाटीवरचं वर्तुळ जमायचं. आणि इथे कुणीतरी खिळ्यादोऱ्याशिवाय, लवलवत्या पानावर, एका घासात गोल कापला होता.

"सेक्रेटरी, हे मला येत असतं ना, तर मी आज इथे बसले नसते," ती म्हणाली, आणि ते अगदी मनापासून म्हणाली.

त्या दिवसापासून ती गुलाबांवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवून बसली. चोर सापडायला फार वेळ लागला नाही. मधमाशीच्या जातीची एक माशी, घरातल्या माशीपेक्षा थोडी मोठी, राखाडी, केसाळ, एकटी. पानाच्या कडेवर बसली, कडेकडेनं तोंड फिरवलं, आणि तुकडा सुटायच्या आत पंख सुरू करून तो पायांत धरून उडाली. सरळ पट्ट्यावर आली आणि टणक मातीतल्या एका भोकात शिरली. आत्यानं तिथेच तिला कातरवाली असं नाव दिलं. कातरवाल्या बऱ्याच होत्या, पण प्रत्येकीचं भोक वेगळं आणि काम एकटीचं. ना पोळं, ना राणी, ना मुकादम. भोकात पानांची गुंडाळी, बाजूंना लांबट तुकडे, झाकणाला गोल, आणि आत फुलातला पिवळा पराग आणि एक अंडं. एकदा पावसानं कड ढासळली तेव्हा आत्याला ती हिरवी गुंडाळी दिसली होती, विडीएवढी. तिनं ती चमच्यानं उचलून परत मातीत ठेवली. हातानं काम करणारं आपल्यानंतर या इमारतीत कुणीतरी आहे, याचा तिला फार आनंद झाला. उगाच कशाला लपवा, ती त्या माश्यांच्या प्रेमात पडली.

प्रेमात पडल्यावर माणूस खर्च करतो. आत्यानं रोपवाटिकेतून चांगली भरगच्च पाकळ्यांची, भडक फुलांची रोपं आणून पट्ट्यात लावली. कातरवाल्या आल्या, फुलाभोवती फिरल्या, पाकळ्यांत डोकं घालून पाहिलं आणि निघून गेल्या. भुंगा आला, तोही गेला. फुलांत नुसत्या पाकळ्याच पाकळ्या, आत ना मध ना पराग. आत्याला हे लगेच समजलं, तिनं अशी दुकानं पुष्कळ पाहिली होती, पाटी मोठी आणि आत फळीवर माल नाही. तिनं रोपं उपटून भाचेसुनेला कुंडीसाठी देऊन टाकली आणि कालव्याच्या रस्त्यानं फिरायला जाऊ लागली. तिथे आपोआप उगवलेल्या ज्या झाडाभोवती माश्यांची झुंबड दिसेल त्याचं बी खिशात. कुर्डू, रानतुळस, निर्गुडीची फांदी, आणि खुळखुळ्याच्या वाळक्या शेंगा. कालव्याकाठची घाणेरीही तिला रंगामुळे आवडली होती, पण ती एकदा शिरली की बाकी कुणाला जागा ठेवत नाही हे तिनं तिथेच पाहिलं आणि तिला घरात घेतलं नाही. खिशातलं हे सगळं इथलंच, कुणी न लावता पिढ्यान्‌पिढ्या उगवणारं, आणि माश्यांनाही त्याच्याच चवीची सवय. पट्टा फुलला. खुळखुळ्याच्या पिवळ्या फुलांतून कातरवाली बाहेर यायची ती पोटाला पिवळा रंग फासून, जुन्या दिवसांतल्या आत्यासारखी.

बी उरलं. ते तिनं जिन्यावरच्या लोकांच्या कुंड्यांत हळूच टोचलं. शेंगा खिशात वाजायच्या, त्यामुळे आत्या जिन्यात आहे हे वरच्या मजल्यापर्यंत कळायचं, पण कशासाठी आहे हे कुणाला कळलं नाही. दोनएक महिन्यांत प्रत्येक दारात कुर्डूचे गुलाबी तुरे डोलू लागले, आणि जो तो दुसऱ्याला सांगू लागला की आपल्या हाताला गुण आहे.

इथपर्यंत सगळं झकास चाललं होतं. मग आत्यानं एक गाढवपणा केला. तिनं सेक्रेटरींना चोर दाखवला. तिला वाटलं, एवढी कारागिरी बघून माणूस पाघळेल. सेक्रेटरींनी माशी बघितली, माशीच्या मागे मागे जाऊन भोकं बघितली, आणि म्हणाले, "म्हणजे अड्डा इथे आहे तर."

पुढच्याच सभेत ठराव आला. मागच्या पट्ट्यातलं तण काढून तिथे पेव्हर ब्लॉक बसवायचे, दोन स्कूटरची सोय होईल, दिसायलाही नीटनेटकं. आत्याला सभेत मत नव्हतं, मत फ्लॅटवाल्याला, आणि फ्लॅट भाच्याचा. भाचा म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. औषधाच्या दुकानात उभं राहून राहून त्याला "हो" आणि "देतो" एवढंच बोलायची सवय झाली होती. सगळ्यांनी हात वर केले तेव्हा त्याचाही गेला.

"अरे, खाली पुढच्या हंगामाच्या सगळ्या माश्या झोपल्यात," तो घरी आल्यावर आत्या त्याला म्हणाली. "पानांत गुंडाळून. वरून फरशी ठोकली की संपल्या. एकही वर येणार नाही."

"आत्या, जाऊ दे ना. भांडून काय मिळणार?"

"भांडतंय कोण," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळी इमारत पंखे लावून घोरत असताना तिनं पलंगाखालून पत्रा काढला. पिवळा हात दिला, काळी किनार काढली, आणि लिहिलं: सावधान, जमिनीखाली विजेची केबल, खोदकाम करू नये. खाली कवटी आणि विजेचा नागमोडी बाण. तिनं वीज कार्यालयासाठी असे इतके बोर्ड रंगवले होते की यात नक्कल अशी काही नव्हती, जुना हात पुन्हा चालला एवढंच. मग बोर्डावर विटेची भुकटी घासली, कोरा चहा शिंपडला, गच्चीवर कडक उन्हात ठेवला, पुन्हा चहा, पुन्हा ऊन. भाचेसून कपडे वाळत घालायला वर आली, बोर्डाकडे बघितलं, आत्याकडे बघितलं, आणि कपडे घेऊन दुसऱ्या दोरीकडे गेली. आठवडा संपता संपता बोर्ड तीस वर्षं जुना झाला. एका दुपारी आत्यानं तो पंपाच्या खोलीच्या भिंतीवर ठोकला आणि आत जाऊन वामकुक्षी घेतली.

ब्लॉक बसवणारे मजूर आले, त्यांनी बोर्ड वाचला, आणि फावडी खांद्यावर टाकून परत निघाले. सेक्रेटरी धावत आले. आता खरं म्हणजे इथेच आत्याचं बिंग फुटायला हवं होतं. इमारतीचा पाया खणल्यापासून सेक्रेटरी तिथे होते, आणि तो बोर्ड त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. पण मजुरांच्या मुकादमानं विचारलं, "हा बोर्ड तुम्हाला माहिती नव्हता का?" आणि सगळ्या इमारतीचा खिळा न्‌ खिळा माहिती असल्याची ज्यांची ख्याती, त्यांना "नव्हता" म्हणवेना.

"माहिती म्हणजे काय, पहिल्यापासून आहे तो," सेक्रेटरी म्हणाले.

खिडकीच्या आत आत्यानं तोंडात पदार्थ नसताना ठसका लागल्यासारखं केलं.

सेक्रेटरी हार मानणारे नव्हते. त्यांनी वीज कार्यालयाला कळवलं, तुमची केबल हलवा. तिकडून एक साहेब आला. तरुण, सरळमार्गी आणि कामाचा चोख, म्हणजे अशा प्रकरणात सगळ्यात धोकादायक माणूस. त्यानं आपला नकाशा उघडला, नकाशात केबल नव्हती. बोर्डाजवळ गेला, बोट फिरवलं, मागे सरकून पुन्हा पाहिला.

"बोर्ड आमचाच आहे," तो म्हणाला. "अक्षर बघा काय आहे. असं काम आता होत नाही."

आत्या खिडकीआड फुलून गेली. कितीतरी वर्षांनी तिच्या अक्षराला कुणी चांगलं म्हटलं होतं. साहेबाला चहा द्यावा म्हणून ती आत वळलीसुद्धा, आणि त्या नादात पुढचं वाक्य तिच्या कानावर जरा उशिरा पडलं.

"म्हणजे चूक नकाशात आहे. माणसं राहतात तिथे नोंद नसलेली केबल म्हणजे जिवाशी खेळ. सोमवारी जेसीबी आणतो. सगळा पट्टा पुरुषभर खोल खणून काढू, केबल सापडेपर्यंत."

आत्या चहाचं भांडं हातात घेऊन तशीच खिडकीशी परत आली. फरशीनं माश्या घरातल्या घरात गाडल्या गेल्या असत्या. जेसीबीनं तर घरच राहणार नव्हतं. आणि हे तिच्याच ब्रशनं ओढवून आणलं होतं.

तिकडे सेक्रेटरींना मात्र सुंठीवाचून खोकला जाण्याची चिन्हं दिसली. अड्डा उखडला जाणार, तो परस्पर, आणि मग वरून ब्लॉक. ते साहेबाला फाटकापर्यंत पोचवायला गेले.

सोमवारी सकाळी जेसीबी फाटकाशी येऊन घुरघुरू लागला. सगळी इमारत अंगणात जमली. आत्या रविवारभर जेवली नव्हती. ती सरळ साहेबासमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, इथे केबल नाहीये. हा बोर्ड मी रंगवलाय."

साहेबाचा चेहरा उजळला. "तुम्ही? आमचे जुने बोर्ड रंगवायच्या त्या पेंटरबाई तुम्हीच? कार्यालयात अजून तुमचं नाव निघतं." त्यानं तिचा हात हातात घेतला. "मग तर प्रश्नच मिटला. बोर्ड आमचाच."

"अहो, तुमचा नाही. आत्ता रंगवलाय. मागच्या महिन्यात. खोटा आहे."

"मागच्या महिन्यात? आणि हा गंज?"

"गंज नाही तो. चहा आहे."

साहेबानं वाकून बोर्डाचा वास घेतला. पण आत्यानं काम चोख केलं होतं, वासाला उन्हानं काही ठेवलं नव्हतं. तो समजूतदारपणे हसला. "होतं असं, आत्या. माझी आईही आजचं आणि तेव्हाचं एकत्र करते."

हे मात्र आत्याला लागलं. ती तरातरा आत गेली, पत्र्याचा तुकडा, ब्रश आणि काळा डबा घेऊन आली, अंगणातच बसली आणि सगळ्यांच्या देखत लिहायला लागली. जेसीबीवाल्यानं बघण्यासाठी इंजिन बंद केलं. सावधान हा शब्द पट्टी न लावता, एका दमात, भिंतीवरच्या बोर्डाशी तंतोतंत उतरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"वा," साहेब म्हणाला. "हात अजून तसाच आहे. म्हणजे शंकाच नको, भिंतीवरचा बोर्डही तुमचाच, त्या काळचा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"आणि सेक्रेटरी स्वतः सांगतात की बोर्ड पहिल्यापासून आहे," साहेबानं पुस्ती जोडली.

आता सगळे सेक्रेटरींकडे बघू लागले. आत्या उठून त्यांच्याजवळ गेली. तिनं आयुष्यात कुणाला हात जोडले नव्हते, आताही जोडले नाहीत, पण आवाज तिचा राहिला नाही.

"सेक्रेटरी, तुम्हाला माहिती आहे बोर्ड नव्हता ते. एवढं एकदा सांगा. माश्यांना दुसरीकडे जायला जागा नाही हो. त्या उडून जातील म्हणाल, तर खाली आहेत त्यांना अजून पंखसुद्धा फुटले नाहीत."

सेक्रेटरींनी गुलाबांकडे नजर टाकली. पानं चाळणी झालेली होती. ते खाकरले.

"बोर्ड पहिल्यापासून आहे," ते म्हणाले. "पाया खणताना मी जातीनं उभा होतो."

आत्याला सेक्रेटरींचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला, आणि सगळ्यांसमोर रडू येईल की काय अशी भीती वाटली. साहेबानं जेसीबीवाल्याला खूण केली. इंजिन सुरू झालं.

"आत कुठून घेऊ?" जेसीबीवाल्यानं विचारलं.

पट्ट्याकडे जायला इमारतीच्या बाजूनं एक बोळ होता, जेसीबीपुरता. बोळात भाच्याची गाडी उभी होती. अगदी मधोमध, थोडी तिरकी. एरवी ती फाटकाजवळ असायची.

"गाडी कुणाची? काढा जरा," साहेब म्हणाला.

भाचा दुकानात जायला निघालेला, डबा हातात. "किल्ली सापडत नाहीये," तो म्हणाला.

"बघा की घरात."

"बघितली. सकाळपासून बघतोय."

त्याचा उजवा हात पँटच्या खिशात होता आणि घट्ट मिटलेला होता. कान लालबुंद झाले होते. लहानपणी थाप मारताना त्याचे कान असेच व्हायचे, म्हणून त्यानं थापा मारणं सोडून दिलं होतं. आत्यानं ते कान बघितले आणि तिला भरून आलं. "जाऊ दे" म्हणणारा तिचा भाचा आज जाऊ देत नव्हता.

"मग इकडून घेतो," जेसीबीवाला म्हणाला, आणि यंत्राचं तोंड गुलाबांकडे वळलं.

पुढचं चाक वाफ्याच्या विटेला टेकलं तेव्हा सेक्रेटरी आडवे आले. दोन्ही हात पसरून.

"थांबा. बोर्ड पहिल्यापासून नव्हता."

साहेबानं डोक्यावरची टोपी काढली. "आत्ता म्हणालात, पाया खणताना जातीनं उभा होतो."

"उभा होतो. पण भिंतीकडे पाठ होती."

अंगणात कुणीतरी फिसकन हसलं. सेक्रेटरींचं टक्कल घामानं चमकत होतं.

"मग बोर्ड आला कधी?"

"या सांगतायत ना, मागच्या महिन्यात."

"यांच्यावर विश्वास ठेवायचा?"

सेक्रेटरींनी एकदा चाकाखालच्या गुलाबाकडे पाहिलं. "ठेवा," ते म्हणाले, आणि ते म्हणताना त्यांना जुलाबाचं औषध घेतल्यासारखं झालं.

साहेब रंगाच्या डब्यावर बसला. बिचाऱ्याची खरोखर पंचाईत झाली होती. खणलं आणि केबल निघाली नाही तर जाब त्याला. नाही खणलं आणि केबल असली तर जाब त्यालाच. बोर्ड खरा म्हणावा तर रंगवणारीच खोटा म्हणते, खोटा म्हणावा तर कार्यालयाच्या कुठल्याही बोर्डापेक्षा तो जास्त खरा दिसतो. शेवटी, अशा वेळी चोख माणसं जे करतात तेच त्यानं केलं.

"चौकशी लावतो," तो उठून म्हणाला. "निकाल लागेपर्यंत जागा आहे तशी राहील. खणायचं नाही, फरशी घालायची नाही, काही हलवायचं नाही."

"तणसुद्धा उपटायचं नाही?" आत्यानं अगदी गरीब चेहरा करून विचारलं.

"तणसुद्धा नाही."

जेसीबी गेल्यावर भाच्याला किल्ली सापडली. आत्यानं त्याच्या डब्यात स्वतःच्या वाट्याचं घालून दिलं, आणि तो दुकानात गेला.

चौकशी अजून चालू आहे. अधूनमधून कार्यालयातून कुणीतरी जबाब घ्यायला येतं, आणि निकाल लागतोय असं दिसलं की आत्याला नवीन काहीतरी आठवतं. एकदा तिला आठवलं की केबल असेलही. एकदा आठवलं की बोर्ड बहुतेक दोन होते. पट्टा मोकळा झाला तर खणायला यंत्र पुन्हा गुलाबांवरूनच येईल हे सेक्रेटरींना पक्कं ठाऊक आहे, कारण भाच्याची गाडी आता कायम बोळातच असते. त्यामुळे जबाबाच्या आदल्या दिवशी सेक्रेटरी खिडकीशी येतात आणि चोरट्या आवाजात विचारतात, "आत्या, या वेळी काय सांगायचं?" मग दोघं मिळून ठरवतात. गुलाबांची पानं चाळणीच्या चाळणीच आहेत. त्याबद्दल ते बोलत नाहीत. पुढच्या हंगामात कातरवाल्या मातीतून वर आल्या, आधी डोकं, मग पंख झटकत बाकीचं अंग, आणि आत्या खिडकीत सकाळचा चहा विसरून बसली.

पुरावा म्हणून भिंतीवरचा बोर्ड कार्यालयानं उचलून नेला आणि त्या जागी स्वतःचा लावला. फ्लेक्सचा. "चौकशी चालू, जागेत फेरफार करू नये." आधीची अक्षरं ऐसपैस, मग जागा संपत आली म्हणून शेवटची एकमेकांच्या मांडीवर बसलेली. पिवळा रंग असा की दुधात पाणी नव्हे, पाण्यात दूध. ही पाटी रोज उठून खिडकीतून बघायची ही आत्याला झालेली शिक्षा, आणि ती तिला खरोखर सोसत नाही. परवा ती ब्रश घेऊन त्या बोर्डासमोर बराच वेळ उभी होती. भाचा मागे येऊन थांबला.

"आत्या, नसेल बघवत तर दोन अक्षरं सरळ कर. कुणाला कळणार आहे?"

आत्याचा हात उचलला गेला, अक्षराच्या अगदी जवळ गेला आणि तिथेच थांबला. खाली तिच्या पायाशी एक कातरवाली पानाचा गोल तुकडा घेऊन भोकात शिरत होती.

"नको रे," आत्या म्हणाली. "आता खरा बोर्ड असाच असतो. मी हात लावला तर खोटा वाटायचा."

आणि तिनं ब्रश खिशात ठेवून दिला.